सातेरीचा भोंगा

रामदास आमच्या कप्तानाला कायमचा अडकवून ठेवणार आहे, ही बातमी मला सकाळी संडासाच्या रांगेत कळली. हातात टमरेल घेऊन माणसाला नीट चिडता येत नाही. तरी मी चिडलो, आणि इतका चिडलो की माझा नंबर मागच्याला देऊन सरळ त्याच्या खोलीवर गेलो. तो घरी नव्हता. त्याच्या आईने चहा विचारला, तोही मी रागातच प्यायलो.

कप्तान कोण, हे करी रोडच्या बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्या नारळवाला चाळीच्या गणपतीपुढे चलतचित्रांचा देखावा असायचा. बाकीची मंडळं दरवर्षी नवा विषय घ्यायची, एकदा पुराणातला, एकदा शिवकालातला. आमच्याकडे एकच गोष्ट होती आणि ती दरवर्षी पुढे सरकायची. ती काढली गणपतमामाने. तो आमच्याच गिरणीत फिटर होता. माणूस चंद्रावर जाऊन आला आणि याच्या डोक्यात शिरलं की आपणही बाप्पापुढे एक यान उडवू. गावच्या देवीवरून यानाचं नाव ठेवलं 'सातेरी'. कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या, मोडीतल्या गाड्यांच्या वायपरच्या मोटारी, फुटक्या बॉबिना, सायकलच्या चेनी, एवढ्या भांडवलावर त्याने ग्रह फिरवून दाखवले. पृथ्वीवर रोगाची साथ आली आहे, औषधाची वनस्पती शोधायला सातेरी निघाली आहे, यानात कप्तान आहे, त्याची माणसं आहेत आणि लोखंड्या नावाचा यंत्रमानव आहे. दरवर्षी नवा ग्रह आणि नवं संकट. देखाव्याच्या एका कोपऱ्यात पृथ्वी, तिच्यावर कप्तानाची बायको हातात दिवा घेऊन उभी. दिवा म्हणजे टॉर्चचा छोटा बल्ब.

गोष्ट टेपवर ऐकू यायची. कप्तानाचा आवाज माझा. मी साचेखात्यात विणकर. साच्यांच्या खडखडाटात ओरडून ओरडून माझा आवाज असा झाला होता की मी हळू बोललो तरी खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. बायको त्याला रडायची, गणपतमामाने त्याचा कप्तान केला. प्रत्येक वर्षीच्या शेवटी यानाचा भोंगा वाजायचा, गणपतमामाने आमच्या गिरणीचाच भोंगा त्यासाठी टेपवर घेतला होता, आणि मग कप्तान म्हणायचा, "सातेरी परत येणार. दिवा लावून ठेवा!" हे वाक्य मांडवातली सगळी गर्दी माझ्याबरोबर ओरडायची. लालबागची माणसं आपल्या मोठमोठ्या मूर्ती सोडून आमच्या गल्लीत यायची, ती या वाक्यासाठी. मला वाणी कप्तान म्हणायचा, पोस्टमन कप्तान म्हणायचा. माझं नाव उत्तम आहे हे निम्म्या करी रोडला ठाऊक नव्हतं.

एक्क्याऐंशी साली सातेरी काळ्या ग्रहाच्या सावलीत शिरली आणि तिचं यंत्र बंद पडलं. कप्तानाने नेहमीचं वाक्य टाकलं, टाळ्या पडल्या, आम्ही विसर्जन करून आलो. पुढच्या जानेवारीत संप झाला. त्या वर्षी देखावा नाही, पुढच्या वर्षीही नाही, नुसती छोटी मूर्ती आणि आरती. गणपतमामा बायकोला घेऊन गावी गेला तो तिकडेच भातशेतीत रमला. चौऱ्याऐंशी साली मंडळाला पुन्हा देखाव्याची हुक्की आली, तेव्हा गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर त्याने निरोप धाडला, मी काही येत नाही, बाहुल्या रामदासच्या हवाली करा.

रामदासच्या! मला हे अजून गिळवत नाही. रामदास आमच्याच चाळीतला, दोन वर्षं आर्ट स्कूलमध्ये काढलेला, परळला पाट्या रंगवायचा. पोरगा बावीस-तेवीसचा, बोलायला थंड, आणि ज्याला मी खांद्यावर बसवून सातेरीचा पहिला ग्रह दाखवला तो. बाहुल्या त्याला आणि मला नुसता आवाज? त्यात आता हा आवाजाच्या तोंडात काय घालणार, तर म्हणे सातेरी परत येणारच नाही.

रविवारी चाळीच्या चौकात सभा भरली. अध्यक्ष धोंडूकाका. हा साचेखात्यात माझ्या बाजूच्या साच्यांवर असायचा, उभं राहून राहून गुडघे कामातून गेलेले. तो खुर्चीवर, बाकी आम्ही चटयांवर, बायका वर गॅलरीत. नायगावच्या बीडीडी चाळीतून रामजी आला होता. हा रामजी पोस्टात होता आणि आमच्या मंडळाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण पहिल्या वर्षापासून एकही भाग त्याने चुकवला नव्हता, म्हणून तो स्वतःला आमच्यापेक्षा जास्त हक्काचा समजायचा. मासळीवाली गुणवंतीही पाटी उतरवून जिन्याच्या पायरीवर बसली होती. ती कफ परेडच्या मच्छीमार नगरातून आमच्याकडे फेरी करायची आणि गणपतीत नातेवाइकांची अख्खी पलटण घेऊन सातेरी बघायला यायची.

रामदास उभा राहिला. नखांत निळा रंग तसाच होता. म्हणाला, "यंदा काळ्या ग्रहाचाच भाग पुढे. यान सावलीत आहे. कप्तान भोंगा देतो, सगळी माणसं आपापल्या जागेवर येऊन उभी राहतात. यंत्र सुरू होत नाही. मग कप्तान सांगतो, सातेरी परत येणार नाही. दिवा विझवा. शिडी खाली सोडा. आणि ती सगळी त्या ग्रहावर उतरतात."

पहिल्यांदा कुणाला काही सुचेचना. मग सगळ्यांना एकदम सुचलं.

"म्हणजे खेळ खल्लास?" कुणीतरी ओरडलं.

"खल्लास कशाला? पुढच्या वर्षी तिथं राहतात, शेती करतात. तिथून पुढे."

"शेती?" रामजी ताडकन उठला. "शेती बघायला मी नायगावातनं येऊ? अरे, सातेरी उन्हावर चालते. तिसऱ्या वर्षी खुद्द गणपतमामाने सांगितलंय. ऊन कधी संपतं काय?"

"सावलीत असलं की संपतं."

"मग सावली सरकेल!"

"किती वर्षांनी, रामजीकाका?"

"ते विचारणारा तू कोण? काल आलास, ब्रश घेऊन."

तळमजल्यावरच्या एकाने मुद्दा काढला की लोखंड्याचा डावा हात विजेचा आहे, तो यंत्राला लावला की झालं काम. दुसरा म्हणाला तो हात पाचव्या वर्षी तुटला. पहिला म्हणाला तुटला तो उजवा. यावर इतका वेळ जुंपली की शेवटी दोघांनी एकमेकांचे बाप काढले. त्यांच्या बायका एकाच नळावर पाणी भरायच्या, त्यांचंही बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. लोखंड्या मात्र ट्रंकेत झोपला होता, दोन्ही हात शाबूत. गणपतमामाने केव्हाच चिकटवून टाकलेले.

मग गुणवंती बोलली. "मना येक सांगा. ती बाय दर वर्साला दिवा घेऊन उभी. नवरा येतंय येतंय नि येत नाय. आमच्यात होडी नाय आली त कोनीतरी घरी येऊन सांगतो, बाय, नाय आली. तुमचा कप्तान सांगत पन नाय. बरं करतंय हा पोरगा."

"गुणवंती, तू आपले बोंबील विक," मी म्हणालो.

"विकतंयच. तू बस आरशाफुडं कप्तान बनून."

गॅलरीतल्या बायका हसल्या. त्यांत माझी शांतीही हसली असावी, मला वर बघायचा धीर झाला नाही. मी रामदासकडे वळलो. "हे बघ, बाहुल्या तुझ्या, मोटारी तुझ्या. ते वाक्य मी बोलणार नाही. माझ्या तोंडून दहा दिवस गल्लीभर असलं अभद्र वाजणार नाही."

"मग दुसऱ्याचा आवाज घेतो, उत्तमदा."

यावर मात्र सगळी चाळ त्याच्यावर तुटून पडली. कप्तानाचा आवाज बदलणार? उद्या बाप्पाचा उंदीर बदलशील! एकाने त्याच्या आर्ट स्कूलचा उद्धार केला, एकाने विचारलं, मालकाने किती चारले रे तुला? तो तसाच उभा होता, हात खिशात घालून. त्याचं ते थंड उभं राहणं बघून माझं डोकं आणखीच फिरलं. तो कशाबद्दल बोलतोय हे मला कळत होतं, चौकातल्या प्रत्येकाला कळत होतं. इकडच्यातिकडच्या काही गिरण्या थोडी माणसं घेऊन सुरू झाल्या होत्या. आमची बंदच होती, आणि आज उघडेल, उद्या उघडेल यावर आम्ही दिवस काढत होतो. सबंध सभेत गिरणीचं नाव कुणी काढलं नाही. सगळे यानाबद्दल भांडत होते.

धोंडूकाकाने हात वर केला. "गणपतान बावल्ये रामदासाक दिल्यान, तर रामदास करतलो. पण आवाज उत्तमाचोच व्हयो. उत्तम बोललो नाय, तर ता वाक्य नाय. संपला."

म्हणजे वाक्याची किल्ली माझ्या हातात आली. मी मनात म्हटलं, बस आता बोंबलत.

घरी शांती चुलीपाशी होती, म्हणजे स्टोव्हपाशी. तिच्या भावाने, सीतारामने, मस्जिद बंदरच्या एका गोदामात माझ्यासाठी शब्द टाकला होता. मालाच्या गोणी मोजून घ्यायच्या, उतरवून घ्यायच्या. महिनाभर तो जागा धरून बसला होता आणि महिनाभर मी त्याला झुलवत होतो. कारण मी तिथे लागलो आणि गिरणी उघडली तर? साच्यांवर दुसरा कुणी उभा राहील आणि मी गोणी मोजत बसेन. शांती पापड लाटून घर ओढत होती, तरी तिने मला या बाबतीत कधी तोंडावर टोचलं नव्हतं. त्या संध्याकाळी टोचलं.

"एक वाक्य तर आहे. बोलून टाका की," ती म्हणाली.

"तुला कळतं काय त्यातलं?"

"कळतं ना. सीताराम विचारत होता, दादांना काय सांगू."

"सांग त्याला, दुसरा बघ म्हणावं. उद्या भोंगा झाला तर त्याचं गोदाम काय चाटायचंय मला?"

भिंतीवरच्या खिळ्याला माझा गिरणीचा डबा टांगलेला होता. संप झाल्यापासून तो तिथेच होता आणि शांती तो अधूनमधून काढून राखेने घासायची. एकदा मी विचारलं, कशाला घासतेस? म्हणाली, धूळ बसते.

गणपती दोन दिवसांवर आले. सकाळी मी झोपेत होतो आणि भोंगा झाला.

प्रत्येक गिरणीचा भोंगा वेगळा असतो. आमचा सुरुवातीला घोगरा आणि शेवटी जरा चिरकणारा. बायकोचा आवाज एक वेळ चुकेल, हा नाही. मी अंथरुणातून उठलो असं म्हणणंही खोटं ठरेल, पाय आधी उठले, मी नंतर जागा झालो. सदरा अंगात घालत घालत खिळ्यावरचा डबा ओढला आणि जिना उतरलो. मागे शांती काहीतरी ओरडली, ते मी ऐकलं नाही. जिन्यात गर्दी झाली होती. कुणाच्या एका पायात चप्पल, कुणाच्या तोंडात मिसरी तशीच. सगळ्यांच्या पुढे धोंडूकाका! जो माणूस संडासाला जाताना भिंत धरायचा, तो गल्लीतून पळत होता आणि पळता पळता मागे ओरडत होता, "चला रे, चला! उघडली!" बाजूच्या चाळींतूनही माणसं निघाली होती. आमच्या हातातले डबे खडखडत होते. माझाही खडखडत होता आणि तो का खडखडतोय, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी रडत होतो हे मला नंतर कुणीतरी सांगितलं.

गेट बंद होतं. साखळीवर तोच गंज, कुलपावर तोच. धोंडूकाकाने दोन्ही हातांनी गज धरले आणि आत बघून विचारलं, "खंयचो खातो उघडलो? साचेखातो?"

आतून भय्या वॉचमन डोळे चोळत आला. "क्या हुआ, काका? कुछ नहीं खुला. हम तो सो रहे थे."

"भोंगो झालो मरे!"

"यहाँ कहाँ भोंगा? बॉयलर तो कब का ठंडा पड़ा है."

आणि तेवढ्यात भोंगा पुन्हा झाला. या वेळी आम्ही गिरणीच्या दारात उभे होतो, म्हणून कळलं की तो गिरणीतून येत नाही. तो मागून येत होता, आमच्याच गल्लीतून, आमच्याच चाळीच्या गच्चीवरून. घोगरा आवाज, शेवटी चिरकला आणि थांबला. त्याच्या मागोमाग कर्ण्यातून खणखणीत शब्द आले: "सातेरी परत येणार. दिवा लावून ठेवा!"

गेटासमोरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी तोंडही उघडलं नव्हतं. एकाने आपल्या डब्याचं झाकण उघडून आत बघितलं आणि पुन्हा लावलं. मग मी माझा डबा हलवून बघितला. रिकामा होता. सगळ्यांचे रिकामे होते. आम्ही एवढी माणसं रिकामे डबे घेऊन कामावर आलो होतो.

परत येताना मी चालत नव्हतो, फक्त रामदासच्या गळ्याकडे जात होतो. तो मांडवात टेपरेकॉर्डरपाशी बसला होता. आदल्या दिवशी भाड्याचे कर्णे आले होते, सकाळी वायर जोडून झाली, आणि याला कामावर जाण्याआधी भोंग्याचा आवाज कितपत लागतो ते बघायचं होतं, म्हणून जुनी टेप लावून याने टेस्टिंग केलं. नीट ऐकू आलं नाही असं वाटलं, म्हणून परत लावली. एवढंच. मी त्याची कॉलर धरून त्याला उभा केला आणि एक ठेवून दिली. दुसरी ठेवली ती दुसऱ्या कुणीतरी.

"मजा बघतोस आमची? भोंगा वाजवून गुरं पळवतोस?"

"उत्तमदा, आईशप्पथ," तो म्हणाला. ओठ फुटला होता. "मला वाटलं, आता कोण उठतंय त्याला."

याहून वाईट तो काही बोलू शकला नसता. माझा हात पुन्हा उठला, पण तेवढ्यात धोंडूकाका पोचला. दोघांनी धरून आणला होता त्याला. तो मांडवाच्या फळीवर बसला, डबा मांडीवर ठेवला आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "आंगोळ पण करूक नाय रे मी." एवढं बोलून तो डब्याची कडी खालीवर करत राहिला. मी कॉलर सोडली.

जिना चढताना भाकरीचा वास आला. आमच्याच खोलीतून येत होता. शांतीने डोक्यावरून पदर घेतला होता, कुंकू ताजं लावलं होतं. परातीशेजारी भाकऱ्यांची चळत होती आणि पिठाचा डबा उपडा करून ठेवला होता. कढईत सुके बोंबील परतून झाले होते. आठवडाभराचं पीठ तिने एका सकाळी थापून टाकलं होतं.

"अहो, डबा रिकामाच नेलात की," ती मागे न बघता म्हणाली. "मी हाका मारल्या. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीला गेटावर आणून देते. कुठला खाता सुरू झाला? साचेखाता ना?"

बारा वर्षं मी गर्दीच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा आवाज लावत आलो होतो. त्या वेळी माझ्या घशातून वारा निघेना.

"भोंगा टेपवरचा होता," मी कसाबसा म्हणालो. "मंडळाच्या टेपवरचा."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगली. तिने ती चळतीवर ठेवली, मग हात पदराला पुसले.

"मग गिरणी कधी?"

हा प्रश्न तिने मला याआधी शंभरदा विचारला असेल, आणि शंभरदा मी म्हणालो होतो, या महिन्यात. मी डबा खिळ्याला लावायला गेलो तर खिळा हातात आला, सकाळी मी तो इतक्या जोरात ओढला होता. डबा जिन्यात कुठेतरी आपटून त्याला पोचही आला होता. मी तो घेऊन तसाच उभा राहिलो.

"उघडणार नाही, शांते."

तिने स्टोव्हची हवा सोडली. सूं करून तो विझला. मग आम्ही दोघं भाकऱ्या आणि बोंबील खायला बसलो, पोट फुटेस्तोवर खाल्लं, आणि तरी पुष्कळ उरल्या. त्या तिने धोंडूकाकाकडे दिल्या.

दुपारी मी रामदासच्या खोलीवर गेलो. तो कामावर गेलाच नव्हता, ओठाला हळद लावून बाहुल्यांचे डोळे रंगवत बसला होता. मला बघून दाराकडे सरकला. मी म्हटलं, "टेप काढ."

त्याने पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आईला बाहेर बसवलं. कागद पुढे धरला तो मी बाजूला सारला. वाक्य मला पाठ होतं. चार दिवस दुसरं काही डोक्यात नव्हतंच.

मी बोललो. टेप थांबवून त्याने खाली मान घालून विचारलं, "उत्तमदा, एकदाच आणखी? जरा कमी रागात. कप्तान थकलाय, रागावलेला नाही."

"तुझा कप्तान थकला असेल. माझा रागावलाय. ठेवायचं तर हेच ठेव."

त्याने तेच ठेवलं.

चतुर्थीच्या संध्याकाळी मांडव ओसंडून वाहत होता. तीन वर्षांनी सातेरी येणार म्हणून लालबाग, परळ, नायगाव, सगळीकडची माणसं लोटली होती. मी मागे नळापाशी उभा राहिलो. पडदा सरकला आणि एक गोष्ट मला कबूल करावी लागेल, पोरगा हाताने भारी होता. काळा ग्रह त्याने असा उभा केला होता की पुढच्या रांगेतली पोरं मागे सरकली. भोंगा झाला. तो ऐकून गर्दीतली कितीतरी मोठी माणसं अंगावर पाल पडल्यासारखी दचकली, कारण दोन दिवसांपूर्वीची गोष्ट सगळ्या करी रोडला कळली होती. यानातल्या बाहुल्या एकेक करून आपल्या जागी येऊन उभ्या राहिल्या. यंत्राचं चाक अर्धं फिरलं आणि थांबलं. पुन्हा अर्धं फिरलं, पुन्हा थांबलं.

आता कप्तान बोलणार. गर्दीने छाती भरून श्वास घेतला, माझ्याबरोबर ओरडायला. कप्तानाने हात वर केला.

"सातेरी परत येणार..." माझा आवाज आला आणि गर्दी दणक्यात पुढचे शब्द ओरडलीसुद्धा, "दिवा लावून ठेवा!" त्या ओरड्याखाली माझा 'नाही' चेंगरला. पण मग ओरडा संपला आणि कर्ण्यातून उरलेलं स्वच्छ ऐकू आलं. "दिवा विझवा. शिडी खाली सोडा."

पृथ्वीवरच्या बाईच्या हातातला बल्ब गेला. शिडी खाली आली. पडदा.

एक शेंगदाण्याची पुडी पडद्यावर येऊन आपटली. मग चप्पल आली. "बंद करा! जुनी टेप लावा!" शिट्ट्या, शिव्या. कार्यकर्त्यांनी बाप्पासमोर कडं केलं. रामजीने मला नळापाशी हुडकून काढलं. त्याचे डोळे लाल झाले होते. "तू बोललास हे? तू? दुसऱ्या कुणाकडून घेतलं असतं तर मी म्हटलं असतं, नकली आहे. आता काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. घरी जा."

"थुत् तुझ्या कप्तानावर," म्हणून तो गेला. पुन्हा तो आमच्या मांडवात आलेला मी पाहिला नाही. गुणवंतीने तर माझ्या अंगावर बोट नाचवलं. गाल ओले आणि जीभ तिखट. "सांग म्हनत होते मीच. पन असं सांगतात काय रं मेल्या? घरात बसवून, पानी देऊन सांगतात!" मी तिला म्हटलं, घरात तसंच सांगितलंय. तिला ते कळलं की नाही कोण जाणे, पाटीवरचं फडकं झटकून ती निघून गेली. धोंडूकाका खुर्चीत बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. मला कप्तान म्हणून त्या दिवसानंतर कुणी हाक मारली नाही. वाण्यानेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतीने डबा भरला. पोच आल्यामुळे झाकण बसेना, तिने ते दोन्ही तळहातांनी दाबून बसवलं आणि वरून सुतळी बांधली. गोदामातली जागा अजून धरून ठेवलेला सीताराम खाली वाट बघत होता. मांडवात रामदास शिडीवर चढून पडद्याचे डाग पुसत होता. मला बघून त्याने विचारलं, "कुठे, उत्तमदा?"

त्याला मी तेव्हा माफ केलं नव्हतं आणि आजही केलेलं नाही.

"कामावर," मी म्हणालो, आणि चालायला लागलो. गिरणीच्या गेटासमोरून जाताना मी कान दिला. डबा वाजत नव्हता.